शिकवलेला कुत्रा बिघडतो तेव्हा



पवित्र कुरआनात अल्लाहने मानवाला आपल्या अनेक देणग्यांची आठवण करून दिली आहे. त्यांपैकी एका देणगीकडे आपले लक्ष क्वचितच जाते. सूरह अल्-माइदाच्या चौथ्या आयतीत शुद्ध व चांगल्या वस्तू हलाल असल्याचे सांगितले आहे आणि त्याबरोबरच शिकारी जनावरांचाही उल्लेख आला आहे. आयतीचा आशय असा की, ज्या शिकारी जनावरांना तुम्ही शिकवून तयार केले आहे, त्यांनी तुमच्यासाठी धरून ठेवलेले सावज तुम्ही खाऊ शकता; मात्र त्यावर अल्लाहचे नाव घ्यावे. त्या जनावरांना तुम्ही जे शिकवता, ते ज्ञान मुळात अल्लाहनेच तुम्हाला दिलेले आहे, हेही तेथेच स्पष्ट केले आहे.

या आयतीत ज्ञानाची एक साखळी आहे. अल्लाहने मानवाला शिकविले, मानवाने मुक्या जनावराला शिकविले आणि त्या शिक्षणामुळे जनावराच्या तोंडातील सावज हलाल झाले. इमाम इब्न कय्यिम (मृत्यू ७५१ हिजरी) यांनी ज्ञानाची थोरवी सांगताना नेमका हाच दाखला दिला आहे. दोन कुत्रे एकाच जातीचे असोत, एकाच वेगाचे असोत. शिकलेल्याने मारलेले सावज खाता येते, अडाण्याने मारलेले खाता येत नाही. दोघांमध्ये फरक आहे तो केवळ ज्ञानाचा.

परंतु शिकलेला कुत्रा बिघडला तर? काल विश्वासाचा असलेला तरुण कुत्रा आज हाकेला येईनासा झाला, सावज धन्याला देण्याऐवजी स्वतःच फाडून खाऊ लागला, तर त्याच्या शिकारीचे काय करावे? आणि त्या कुत्र्याचे काय करावे? आमच्या इमामांनी या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केलेला आहे. आजच्या धड्याचा विषय तोच आहे.

अदी बिन हातिम (रजि.) यांचा प्रश्न

दानशूरपणासाठी अरबस्तानात प्रसिद्ध असलेल्या हातिम ताई यांचे पुत्र हजरत अदी बिन हातिम (रजि.) हे तय्य टोळीचे सरदार होते. त्यांचे लोक कुत्रे घेऊन शिकार करीत. इस्लाम स्वीकारल्यानंतर त्यांनी अल्लाहचे प्रेषित मुहम्मद (स.) यांना या शिकारीविषयी विचारले. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये आलेल्या उत्तराचा सारांश असा आहे.

तुम्ही आपला शिकवलेला कुत्रा अल्लाहचे नाव घेऊन सोडला आणि त्याने सावज तुमच्यासाठी धरून ठेवले, तर ते खा, मग त्याने ते ठार मारलेले असले तरीही. पण कुत्र्याने त्यातून खाल्ले असेल तर खाऊ नका. कारण अशा वेळी त्याने ते स्वतःसाठी धरले असावे अशी भीती असते. आणि तुमच्या कुत्र्याबरोबर दुसरा कुत्रा आढळला, सावज कोणी मारले हे कळेना, तरीही खाऊ नका. कारण तुम्ही अल्लाहचे नाव आपल्या कुत्र्यावर घेतले होते, दुसऱ्यावर नव्हे.

अशाच प्रकारचा प्रश्न हजरत अबू सअलबा खुशनी (रजि.) यांनीही विचारला होता. त्यांना मिळालेल्या उत्तरात आणखी एक गोष्ट आहे आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. न शिकलेल्या कुत्र्याने धरलेले सावज जिवंत हाती लागले व ते जबह करता आले, तर ते खाता येते.

सावज किती मोठे आहे, कुत्रा किती चपळ आहे, याची विचारणा या उत्तरांत कोठेही नाही. विचारणा आहे ती एकच, की कुत्र्याने ते कोणासाठी धरले? धन्यासाठी की स्वतःसाठी? संपूर्ण धडा या एका प्रश्नाभोवती फिरतो.

शिकवलेला म्हणावे तरी कोणाला?

शाफई मसलकाचे थोर इमाम नववी (मृत्यू ६७६ हिजरी) यांनी आपल्या ‘मिन्हाज’ या ग्रंथात शिकवलेल्या कुत्र्याची लक्षणे दिली आहेत. धन्याने सोडले की तो जातो. धन्याने रोखले की थांबतो. सावज धरून ठेवतो आणि त्यातून खात नाही. या गोष्टी एकदा घडून भागत नाही. कुत्रा खरोखर वळणाला लागला आहे अशी खात्री वाटेपर्यंत त्या पुनःपुन्हा घडल्या पाहिजेत.

हनफी मसलकात इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांनी ही पुनरावृत्ती तीन वेळा ठरविली आहे. लागोपाठ तीन शिकारींत कुत्र्याने सावज खाल्ले नाही तर तो शिकलेला समजावा. इमाम अबू हनीफा यांनी मात्र असा आकडा बांधून दिला नाही. कुत्रा शिकला आहे असे शिकाऱ्याला आपल्या जाणकारीने प्रकर्षाने वाटले पाहिजे, असे त्यांचे मत आहे. तो निवाडा त्यांनी अनुभवी माणसावर सोपविला.

‘हिदाया’ या प्रसिद्ध हनफी ग्रंथाचे कर्ते इमाम मर्गीनानी (मृत्यू ५९३ हिजरी) यांनी येथे एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. ससाण्याची परीक्षा वेगळी आणि कुत्र्याची वेगळी. ससाण्याने हाकेला परत येणे हीच त्याच्या शिक्षणाची खूण. कुत्र्याने न खाणे ही त्याच्या शिक्षणाची खूण. असे का? ससाणा मुळात रानचा, माणसाला बुजणारा पक्षी आहे. तो परत आला म्हणजे त्याने आपला स्वभाव सोडला. कुत्रा माणसाच्या जवळच राहतो, त्याचे परत येणे विशेष नाही. पण झडप घालून खाणे हा त्याचा स्वभाव आहे. तो खात नाही म्हणजे त्याने आपली सवय सोडली. ज्याची जी ओढ असेल तिथेच त्याची परीक्षा होते, हा मोठा नियम आमच्या बुजुर्गांनी एका शिकारी कुत्र्याच्या निमित्ताने सांगून ठेवला आहे.

एका तरुण सलूकीचे उदाहरण

अरबस्तानातील शिकारी कुत्र्याला सलूकी म्हणतात. सडपातळ बांधा, लांब पाय, खोल छाती असलेला हा कुत्रा वासावर नव्हे तर नजरेवर शिकार करतो. ताशी ६० किलोमीटरच्या आसपास वेगाने तो धावू शकतो. बदाऊन अरब त्याला इतर कुत्र्यांत गणत नाहीत. ते त्याला ‘हुर्र’, म्हणजे कुलीन, असे म्हणतात आणि तंबूतही जागा देतात. आपल्याकडे लातूर, सोलापूर या भागांत आढळणारा कारवानी कुत्रा ज्यांनी पाहिला असेल त्यांना या बांध्याची कल्पना येईल. कारवानीचे पूर्वज पश्चिमेकडून व्यापारी काफिल्यांबरोबर आले असेच सांगितले जाते.

आता समजा, वाळवंटात राहणाऱ्या एका कुटुंबाकडे दीड वर्षाचा सलूकी आहे. पहिल्या हिवाळ्यात त्याने उत्तम काम केले. सोडले की जाई, ससा धरून उभा राही, धनी येईपर्यंत दात लावत नसे. दुसऱ्या हिवाळ्यात मात्र काहीतरी बिघडले. प्रथम तो हाकेला उशिरा येऊ लागला. मग सोडण्याआधीच दोर ओढून पळू लागला. आणि एके दिवशी धनी वाळूच्या टेकडीपलीकडे पोहोचला तेव्हा सशाची मागची तंगडी कुत्र्याने खाऊन टाकलेली होती. तंबूत पाहुणे बसलेले आहेत. चूल पेटलेली आहे. घरात दुसरे मांस नाही. ससा ताजा आहे, तीन हिस्से शाबूत आहे आणि टेकडीपलीकडे काय घडले हे धन्याखेरीज कोणी पाहिलेले नाही.

धन्याने काय करावे? वाचकहो, येथे परीक्षा एकट्या कुत्र्याची राहिली नाही, ती धन्याचीही झाली आहे.

त्या मांसाचा हुकूम

तो ससा मेलेला हाती आला असेल, तर हनफी मसलकानुसार तो खाता येणार नाही. शाफई मसलकातील अधिक प्रबळ मतही हेच आहे. मालिकी मसलकात मात्र कुत्र्याने खाल्ल्यामुळे सावज हराम होत नाही. त्यांच्याकडेही हदीसचा आधार आहे. आपल्या महाराष्ट्रात कोकणातील मुस्लिम बांधव बहुतांशी शाफई आहेत आणि इतरत्र बहुतेक हनफी आहेत. त्यामुळे आपल्या वाचकांच्या दोन्ही मसलकांत या सशाचा हुकूम एकच ठरतो. पाहुण्यांना खजूर आणि दूध द्यावे, पण तो ससा शिजवू नये.

ससा जिवंत सापडला आणि त्याला रीतसर जबह करता आले, तर गोष्ट वेगळी. अबू सअलबा (रजि.) यांना दिलेली सवलत तेथे लागू पडते.

आता पुढचा प्रश्न. याच कुत्र्याने पूर्वी धरलेल्या सशांचे मांस वाळवून घरात ठेवलेले आहे. त्याचे काय? या ठिकाणी इमाम अबू हनीफा आणि त्यांचे दोन्ही शिष्य यांच्यात मतभेद झाला आणि तो फार विचार करण्यासारखा आहे.

इमाम अबू हनीफा म्हणतात, ते साठविलेले मांसही खाऊ नये. कारण अंगी मुरलेली विद्या मुळापासून विसरली जात नाही. आज कुत्र्याने खाल्ले यावरून हेच उघड झाले की तो पूर्वीही शिकलेला नव्हता. त्या वेळी तो खात नव्हता तो केवळ पोट भरलेले होते म्हणून. शिष्यांचे म्हणणे असे की विद्या विसरली जाऊ शकते. पूर्वी कुत्रा शिकलेला होता, त्या आधारावर योग्य विचार करून मांस हलाल ठरविले गेले होते; आजच्या चुकीमुळे कालचा निर्णय मोडत नाही. शाफई मसलकातही पूर्वीची शिकार हराम ठरत नाही.

मात्र एका गोष्टीवर हनफी आणि शाफई या दोन्ही मसलकांचे एकमत आहे. यापुढे हा कुत्रा शिकवलेला राहिला नाही. त्याला नव्याने शिकवावे लागेल आणि पहिल्यासारखीच परीक्षा पुन्हा घ्यावी लागेल. जुन्या प्रमाणपत्रावर पुढची शिकार हलाल होणार नाही.

याबरोबर तीन बारकावे लक्षात ठेवावेत. पहिला, कुत्र्याने सावजाचे केवळ रक्त चाटले असेल तर बिघडत नाही. ‘हिदाया’चे कर्ते तर याला कुत्र्याच्या शहाणपणाची कमाल मानतात, जे धन्याच्या उपयोगाचे नाही ते त्याने घेतले आणि जे उपयोगाचे आहे ते राखले. दुसरा, धन्याने सावज ताब्यात घेऊन स्वतःच्या हाताने एक तुकडा कुत्र्यापुढे टाकला आणि तो त्याने खाल्ला, तर हनफी इमामांच्या मते उरलेले मांस हलालच आहे. कारण आता ते सावज राहिले नाही, धन्याच्या घरचे अन्न झाले. तिसरा, कुत्रा न सोडता आपणहून धावत सुटला आणि त्याने सावज मारले, तर ते हलाल नाही. तो धावत असताना धन्याने अल्लाहचे नाव घेऊन त्याला चेव दिला आणि त्याने ते ऐकून वेग वाढविला, तर हनफींच्या मते ते चालते. शाफईंच्या अधिक योग्य मतानुसार तेही चालत नाही.

बिघाड कोठून शिरला?

तरुण कुत्रा एका दिवसात बिघडत नाही. तंगडी खाल्लेली दिसते त्या दिवशी, पण चूक कित्येक आठवड्यांपूर्वी सुरू झालेली असते. जाणकार शिकारी म्हणूनच प्रथम कुत्र्याकडे नव्हे, स्वतःच्या वागण्याकडे पाहतो आणि स्वतःला काही प्रश्न विचारतो.

आपण त्याला पुरता शिकण्याआधीच मोठ्या शिकारीवर नेले का? लवकर मिळालेल्या यशाने कुत्र्याला धावण्याची नशा चढते आणि हाक ऐकण्याची सवय कच्ची राहते.

आपण हाक मारीत राहिलो आणि तो आला नाही, असे किती वेळा घडू दिले? प्रत्येक वाया गेलेली हाक कुत्र्याला एकच गोष्ट शिकविते, की न ऐकले तरी चालते.

तो उशिरा का होईना परत आला, तेव्हा आपण त्याला मारले का? कुत्र्याला मागची चूक कळत नाही. आता काय घडले तेवढे कळते. परत आल्यावर मार खाल्लेला कुत्रा इतकेच शिकतो की परत येणे धोक्याचे आहे.

आपण त्याला उपाशी ठेवून नेले का? धरून ठेवण्याचे बक्षीस त्याला कधी मिळाले का, की प्रत्येक वेळी सावज हिसकावून घेतले? आणि तो कोणाच्या संगतीत धावला? खादाड, बेशिस्त कुत्र्याबरोबर सोडलेला तरुण कुत्रा चार दिवसांत तेच शिकतो. अदी (रजि.) यांना दिलेल्या उत्तरात परक्या कुत्र्याच्या सहभागापासून जी सावधगिरी सांगितली आहे ती मांसाच्या हुकुमासाठी आहे, पण संगतीचा परिणाम ज्याने पाहिला आहे त्याला तिच्यात आणखी एक शहाणपण दिसेल.

नव्याने शिक्षण

इमाम नववींनी अशा कुत्र्यासाठी जी अट घातली ती अवघ्या दोन शब्दांची आहे: नवे शिक्षण. शिकारी लोकांचा अनुभवही हेच सांगतो. सुधारणा मधूनच सुरू होत नाही, पहिल्या पायरीपासून सुरू होते.

पहिली पायरी, शिकार बंद. काही आठवडे त्याला सावज दिसूच देऊ नये. चुकीची सवय जितक्या वेळा पार पडेल तितकी ती घट्ट होते. म्हणून प्रथम चुकीची संधी काढून घ्यावी. ही शिक्षा नव्हे, उपचार होय.

दुसरी पायरी, लांब दोर. गळपट्ट्याला हलका, लांब दोर बांधून मोकळ्या जागेत न्यावे. हाक एकदाच मारावी. आला तर लगेच हातातून मांसाचा तुकडा आणि शाबासकी द्यावी. आला नाही तर ओरडू नये, पुन्हा पुन्हा हाकाही मारू नयेत. दोर शांतपणे ओढून त्याला जवळ आणावे आणि जवळ आल्यावर तितक्याच प्रेमाने गोंजारावे. जी हाक पूर्ण करून घेता येणार नाही ती मारूच नये.

तिसरी पायरी, थांबणे. अन्नाचे भांडे समोर ठेवून इशारा मिळेपर्यंत थांबण्याची सवय लावावी. सुरुवातीला क्षणभर, मग हळूहळू अधिक वेळ. सोडण्याआधीच धाव घेणाऱ्या कुत्र्यावर याहून चांगला उपाय नाही.

चौथी पायरी, धरणे आणि देणे. कातड्याचे गाठोडे टाकून ते आणावयास लावावे. त्याने आणले की हिसकावू नये. त्याच्यापुढे मांसाचा तुकडा धरावा आणि त्याने आपणहून सोडले की तो द्यावा. ‘देण्याने माझे नुकसान होत नाही, उलट मिळते’ हे कुत्र्याच्या मनात उतरले की खाण्याची घाई आपोआप कमी होते. पुढे खऱ्या सावजावरही हाच क्रम ठेवता येतो. ‘हिदाया’तील दुसऱ्या बारकाव्याने त्याला वाट मोकळी ठेवली आहे.

पाचवी पायरी, खरी परीक्षा. जनावर जवळच्या, उघड्या मैदानात, एकट्याने सोडावे, म्हणजे धन्याला लवकर पोहोचता येईल. या काळातील शिकार मेलेली हाती आली तर ती खाऊ नये. जिवंत मिळाली तर जबह करावी. आणि इमाम अबू हनीफांचा इशारा विसरू नये. पोट तुडुंब भरलेल्या कुत्र्याने सावज राखले तर त्यात त्याची परीक्षा झाली नाही. बेताची भूक असताना, धनी दूर असताना, पुनःपुन्हा त्याने राखले, तरच तो शिकला.

हे सारे करताना दयेची मर्यादा ओलांडू नये. शिक्षण देताना कुत्र्याला मार दिला जाई याचा उल्लेख जुन्या ग्रंथांत आहे. परंतु त्याच शरीअतीने जनावराच्या तोंडावर मारण्यास मनाई केली आहे आणि मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाल्याचे सांगितले आहे. तहानलेल्या कुत्र्याला पायमोज्यातून पाणी काढून पाजणाऱ्या माणसाला क्षमा मिळाली, ही हदीस आपण सारे जाणतो. हजरत आयशा (रजि.) एकदा एका अडेल उंटावर बसल्या होत्या आणि त्याला पुढे-मागे दामटीत होत्या. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सौम्यपणाचा उपदेश केला; सौम्यपणा ज्या गोष्टीत असतो तिची शोभा वाढते असा त्याचा आशय होता. अडेल जनावराला वळण लावण्याच्या प्रसंगीच ही शिकवण दिली गेली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आपल्यासाठी दोन सूचना

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ससा, हरिण इत्यादी वन्य प्राण्यांची शिकार गुन्हा आहे. तेव्हा कोणीही हा लेख वाचून कुत्रा घेऊन रानात जाऊ नये. अनेक अरब देशांतही आता शिकारीवर कडक बंधने आहेत. वाचकांनी या लेखातून घ्यावयाचे आहे ते ज्ञान आणि त्यामागची दृष्टी.

दुसरे असे की शिकार, गुरांची राखण आणि शेतीची राखण यांखेरीज कुत्रा पाळल्याने दररोज पुण्य घटते, असे हदीसमध्ये आले आहे. शाफई मसलकात कुत्र्याचे तोंड लागलेली जागा सात वेळा, त्यांपैकी एकदा माती मिसळलेल्या पाण्याने, धुवावी लागते; सावजावर दात लागलेल्या जागेलाही हाच नियम आहे. गरजेची परवानगी आणि हौस यांत शरीअतीने फरक केलेला आहे.

टेकडीपलीकडे कोणीच पाहत नाही तेव्हा

बंधू-भगिनींनो, आता त्या टेकडीपलीकडे पुन्हा एकदा जाऊ या. कुत्रा धन्याच्या खूप पुढे धावून गेला आहे. सावज त्याच्या तोंडात आहे, पोटात भूक आहे आणि पाहणारे कोणी नाही. तो खातो की राखतो, यावर त्याचे सारे शिक्षण अवलंबून आहे. धन्यासमोर तर प्रत्येक कुत्रा शहाणा असतो.

आपले काय? दुकानाचा गल्ला एकट्याच्या हाती असतो. परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षकाची पाठ वळलेली असते. रात्री खोलीचे दार बंद असते आणि हातात मोबाईल असतो. हे आपले टेकडीपलीकडचे क्षण आहेत. अल्लाहच्या नावाने आपण ज्या कामाला निघालो होतो ते आपण त्याच्यासाठी धरून ठेवले की स्वतःसाठी फाडून खाल्ले? मुका प्राणी आपल्या धन्याची अमानत राखू शकतो, तर अल्लाहला सर्वत्र हजर-नाजर मानणाऱ्या माणसाने किती राखली पाहिजे!

घराघरांत असेही घडते. चांगला नमाजी मुलगा सोळाव्या-सतराव्या वर्षी अचानक बदलतो, खोटे बोलताना सापडतो. वडील संतापून म्हणतात, ‘याचे सगळे आधीपासूनच ढोंग होते.’ मुलगा कुत्रा नव्हे आणि घर म्हणजे शिकारीचे मैदान नव्हे, हे खरे. तरीही इमामांच्या चर्चेतून एक गोष्ट निश्चित घेता येते. मतभेद झाला तो साठविलेल्या मांसाविषयी, आणि एकमत झाले ते नव्याने शिकविण्याविषयी. कुत्र्याला हाकलून द्या असे कोणी म्हटले नाही. आणि माणसासाठी तर तौबाचे दार उघडे आहे. त्याच्या कालच्या नमाजा आजच्या चुकीने पुसण्याचा अधिकार आई-वडिलांना नाही. त्याच वेळी, चूक झालीच नाही असे समजून पूर्वीचाच विश्वास लगेच त्याच्या हाती देणे, हाही शहाणपणा नव्हे. विश्वास पायरीपायरीने परत मिळतो. संधी थोडी कमी करावी, संगत तपासावी, जी गोष्ट करवून घेता येणार नाही ती सांगू नये, आणि मुलगा उशिरा का होईना आपणहून खरे सांगायला आला, तर त्या क्षणी त्याला मारू नये. परत येणे धोक्याचे आहे हे त्याने शिकता कामा नये.

आणि सर्वांत आधी स्वतःला विचारावे की बिघाड माझ्या शिकवण्यात तर नव्हता? आयतीतील ज्ञानाची साखळी अल्लाहपासून सुरू होऊन आपल्या हातून पुढे जाते. ती पुढच्या टोकाला तुटलेली दिसली, तरी मधली कडी एकदा तपासून पाहावी.

घरात चर्चेसाठी प्रश्न

१. ससाणा आणि कुत्रा यांच्या शिक्षणाची खूण वेगवेगळी का मानली गेली? आपल्या प्रत्येकाची ओढ कोणती आणि आपली परीक्षा कोठे होते?

२. पोट भरल्यामुळे न खाणे आणि शिकल्यामुळे न खाणे यांत काय फरक आहे? आपल्या कोणत्या चांगल्या सवयी केवळ संधी न मिळाल्यामुळे टिकून आहेत?

३. पाहुणे दारात असताना धन्याने तो ससा बाजूला ठेवला. ही गोष्ट फक्त त्यालाच ठाऊक होती. असा प्रसंग आपल्या घरात कोणत्या रूपाने येतो?

अल्लाह आम्हा सर्वांना उपयुक्त ज्ञान देवो, जे आमच्या हाती सोपविले आहे ते त्याच्यासाठी राखण्याचे बळ देवो आणि चुकल्यावर परत येणाऱ्यांत आमची गणना करो. आमीन.